धाकटी तळपदे

सबनीस अँड तारापोर या सॉलिसिटर कंपनीत माणसाची पायरी त्याच्या खिडकीवरून कळे. खिडकीच नाही तो असिस्टंट. खिडकीतून मागच्या गल्लीतले एसीचे डबे दिसतात तो सीनियर. आणि ज्याला बसल्या जागेवरून झाड दिसतं तो पार्टनर. शर्मिष्ठा तळपदे सोळा वर्षं राबून एसीच्या डब्यांपर्यंत पोचली होती. तिच्या मागून आलेल्या दोघांना झाड मिळालं होतं, त्यातल्या एकाला तर झाड आणि कोकीळ दोन्ही. तोंडाने तिने कधी तक्रार केली नाही. पण कोणाच्या केबिनमध्ये गेली की आधी खिडकीबाहेर बघायची आणि मग माणसाकडे.

त्यामुळे २०४१ सालच्या फेब्रुवारीत यशोधन सबनीसांनी तिला दिशा बैठकीला बोलावलं, तेव्हा ती त्यांच्या झाडाकडे पाठ करून बसली. मुद्दामच.

दिशा बैठक वर्षातून एकदा होई. पुढच्या वीस वर्षांत तुम्ही कुठे असाल, हा प्रश्न पूर्वी माणसालाच विचारत आणि माणसं बेधडक खोटं बोलत. म्हणून कंपनीने माणसांना विचारणं सोडून दिलं. आता तो प्रश्न धाकटीला विचारत.

धाकटी म्हणजे शर्मिष्ठाचीच यंत्रातली नक्कल. हे नाव कोणी ठेवलं ते आठवत नव्हतं, पण ऑफिसात थोरली तळपदे आणि धाकटी तळपदे अशी जावाजावांसारखी वाटणी पडून गेली होती. धाकटी रजा मागत नाही, धाकटी डबा आणत नाही, धाकटीचा मसुदा थोरलीपेक्षा गोड असतो, असं लोक थोरलीच्या तोंडावर म्हणत आणि ती हसण्यावारी नेई.

तिचा जन्म एका चष्म्यातून झाला होता. वाचताना माणसाचा डोळा ओळीवरून सरळ सरकत नाही. तो उड्या मारतो, थबकतो, मधूनच चार शब्द मागे येतो. जिथे काहीतरी खटकतं तिथे डोळ्यातली बाहुली केसभर रुंदावते, आणि गंमत म्हणजे आपल्याला काही खटकलंय हे वाचणाऱ्याला कळायच्या आधीच रुंदावते. मुरलेल्या सॉलिसिटरची सारी कमाई या केसभर रुंदीत असते. कायदा पुस्तकात सापडतो. कुठे थांबायचं ते पुस्तकात नसतं. सहा वर्षांपूर्वी कंपनीने सीनियर लोकांना बारीक कॅमेरे बसवलेले चष्मे दिले. शर्मिष्ठा कागद वाचत राहिली आणि चष्मा तिचे डोळे वाचत राहिला. दोन वर्षांत यंत्राकडे इतकी नोंद जमली की नवा कागद पुढे टाकला तर शर्मिष्ठा कुठे थांबली असती ते यंत्र सांगू लागलं. यंत्राला जमिनीचा कायदा फारसा कळत नव्हता. शर्मिष्ठा कळत होती, तेवढं पुरे होतं.

मग त्यात तिच्या ईमेल गेल्या, बैठकांमधलं बोलणं गेलं, रजेचे अर्जही गेले. आणि आता कंपनी धाकटीला पुढची वीस वर्षं चालवून बघे. काल्पनिक अशील, काल्पनिक भांडणं, काल्पनिक पगारवाढी, असं हजारो वेळा. हजारांतल्या बहुतेक वेळी धाकटी जे करी, ते थोरलीचं भविष्य.

एक गोष्ट मात्र कायद्याने यंत्राला दिली नव्हती. जमिनीची मालकी निर्वेध आहे असं टायटल सर्टिफिकेट द्यायचं तर खाली सनद असलेल्या जिवंत माणसाची सही लागे. म्हणून धाकटी वाची आणि थोरली सही करी. चार वर्षं हा संसार सुरळीत चालला होता.

सबनीसांनी वेलदोडा तोंडात टाकला आणि वीस वर्षांचा निकाल सांगितला. एप्रिलपासून पार्टनर. आजारपण एक, तेही किरकोळ. राजीनामा एकदाही नाही. करार तिच्या नावाने तयार आहे, मार्चअखेर सही व्हावी. धाकटीने दिलेल्या सगळ्या सर्टिफिकेटांची जबाबदारी भागीदार म्हणून तिच्याकडे येईल, ती कंपनी सोडून गेली तर धाकटी कंपनीकडेच राहील, बाकी सगळं नेहमीचं.

शर्मिष्ठाने तो सगळा निकाल वाचायला मागितला.

"स्वतःची पत्रिका स्वतः बघायची नसते," सबनीस म्हणाले. "आम्ही बाकीच्यांनी बघितली. चांगली आहे. मला न सांगता तू एक गोष्ट पोटात ठेवशील, असंही निघालंय त्यात. पण पोटात कोण काही ठेवत नाही?"

ते हसले. शर्मिष्ठाही हसली. सोळा वर्षांत तिने त्यांच्यापासून लपवलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्यांच्या वाढदिवसाचा केक तिला आवडत नाही, एवढीच होती.

घरी नवऱ्याला तिने बातमी सांगितली तेव्हा तो बेसिनपाशी उभा राहून स्वतःचेच दात तपासत होता. उन्मेष कोठारे दातांचा डॉक्टर. ठाकूरद्वारला त्याचा दवाखाना होता आणि माणसांविषयीची त्याची सगळी मतं त्या एका खुर्चीवरून बनलेली होती. वीस वर्षांचं भविष्य काढणाऱ्या यंत्राचं त्याला काडीचं कौतुक वाटलं नाही. म्हणाला, ट्रीटमेंट अर्धी ठेवून पेशंट 'पुढच्या आठवड्यात येतो' म्हणतो ना, त्याच्या आवाजावरून मला कळतं हा येणार की नाही. जो येणार नाही त्याचं नाव मी डायरीत लिहीतच नाही. मला कुठे चष्मा लागतो?

पण शर्मिष्ठा खरोखरच पेचात होती. बेचाळीस वय म्हणजे सॉलिसिटरच्या धंद्यात धड तरुण नाही, धड बुजुर्ग नाही. साठाव्या वर्षी आपण काय असू, हे तिने मनाशी मांडून पाहिलं. जमेच्या बाजूला झाड, नाव, दारावरची पाटी. खर्चाच्या बाजूला एकच रक्कम, पण ती डोळ्यात खुपणारी: गेली चार वर्षं आपण सही सोडून नक्की काय करतोय? कोणता शेवटचा कागद आपल्याला खटकला होता? तिला आठवेना. धाकटी ज्या ओळीखाली लाल रेघ मारे तिथे ती थांबे. जिथे रेघ नाही तिथून डोळे नुसते घरंगळत जात.

दुसरी वाट ग्रेस डिमेलोची. ग्रेस तिच्याबरोबर सॉलिसिटरची परीक्षा दिलेली, आता वसईत स्वतःचं छोटं ऑफिस काढून बसलेली. दर सहा महिन्यांनी फोन करून म्हणे, ये की इकडे, दोन खुर्च्या आहेत, काम कंटाळवाणं आहे आणि खिडकीत पेरूचं झाड आहे, हवं तर फोटो पाठवते. शर्मिष्ठा दर वेळी म्हणे, विचार करते. ग्रेस दर वेळी फोटो पाठवी.

मार्चमधल्या एका शनिवारी कंपनीने चष्मेवाल्या सगळ्यांचे डोळे तपासून घेतले. थेंब टाकले की बाहुल्या रुंदावतात आणि संध्याकाळपर्यंत जवळचं काही वाचता येत नाही. नेमकं त्याच दिवशी एक जुनं सर्टिफिकेट पुन्हा सहीला आलं. वसईच्या पलीकडे तीन इमारती उभ्या राहत होत्या, मधलीचा चौथा मजला चढत होता, आणि घरकर्ज देणाऱ्या बँकेला ताजी सही हवी होती. धाकटीची एकही लाल रेघ नव्हती. डोळे मिटूनही करता आली असती अशी सही. पण डोळे खरंच चालत नसताना, न वाचता सही करायला तिचं मन घेईना. तेवढी जुन्या वळणाची ती होती. तिने उन्मेषला वाचायला बसवलं.

त्याने निवेदकाच्या आवाजात सुरुवात केली, मध्येच सूत्रसंचालकासारखे विनोद केले, शेवटी कंटाळून भराभर वाचू लागला आणि मिळकतीच्या वर्णनापाशी आला. ते नेहमी सगळ्यात शेवटी, परिशिष्टात असतं. शर्मिष्ठा सोफ्यावर आडवी होती, डोळ्यांवर ओला रुमाल.

"चतुःसीमा येणेप्रमाणे," उन्मेष वाचत होता. "पूर्वेस नगरपालिकेचा रस्ता. पश्चिमेस सर्व्हे नंबर बासष्टचं शेत. दक्षिणेस नाला. उत्तरेस सदर नाला."

"पुन्हा वाच."

त्याने वाचलं. रुमालाखाली शर्मिष्ठा त्या जमिनीच्या कडेकडेने चालू लागली होती. पूर्वेला रस्ता, म्हणजे पायाखाली डांबर. उत्तरेच्या कोपऱ्यावर वळली तर नाला. पश्चिमेला शेत, सलग, कोरडं. दक्षिणेला पुन्हा नाला, आणि तोही तोच. तोच नाला उत्तरेकडे असेल आणि दक्षिणेकडेही असेल, तर तो एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेला कुठून? पूर्वेकडून वळसा नाही, तिथे रस्ता. पश्चिमेकडून नाही, तिथे शेत. एकच जागा उरते.

"मधून," ती उठून बसली. "उन्मेष, नाला जमिनीच्या मधून जातो. बुजवलाय. इमारत त्याच्यावर आहे."

चार वर्षांत पहिल्यांदा तिला काहीतरी खटकलं होतं. खरं सांगायचं तर आधी आनंद झाला, भीती मागाहून आली.

धाकटीच्या नजरेतून हे सुटलं कसं, ते तिला उठून पाणी प्यायच्या आत उमगलं. जुन्या सॉलिसिटर ऑफिसांत एक रीत होती, कंपेअरिंगला बसण्याची. दस्त पक्का टाईप झाला की दोघं समोरासमोर बसत. एकाच्या हातात मसुदा, दुसऱ्याच्या हातात पक्की प्रत. एकाने स्वल्पविरामासकट मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने डोळ्यांनी ताडायचं. पण चतुःसीमा आल्या की शर्मिष्ठाच्या गुरूंनी तिला वेगळं शिकवलं होतं: प्रत खाली ठेव, डोळे मीट आणि जमिनीभोवती चालून ये. फेरी पुरी झाली नाही तर दस्तात खोट आहे. चष्मा आला तेव्हा पहिली दोन वर्षं कंपेअरिंग चालूच होतं. चष्म्याने काय पाहिलं? कागद संपत आला की बाईंच्या पापण्या मिटतात. ना थबकणं, ना बाहुली. यंत्राने इमानेइतबारे शिकून घेतलं, की मिळकतीच्या वर्णनात शर्मिष्ठा तळपदेंना कधीच काही शंका येत नाही.

तिची अर्धी विद्या कानात होती आणि चष्म्याला कान नव्हते. पुढे धाकटी हुशार झाली म्हणून कंपेअरिंग बंद झालं. त्यानंतर गेलेल्या साडेतीनशेच्या आसपास सर्टिफिकेटांच्या चतुःसीमा कोणीही, अगदी कोणीही, ऐकलेल्या नव्हत्या. आणि सगळ्यांखाली सही तिची.

"मग सबनीसांना फोन कर," उन्मेष म्हणाला.

तिने फोन उचलला आणि खाली ठेवला. आता तिचं गणित सुरू झालं. सांगितलं तर काय होईल? सबनीस वेलदोडा चघळत ऐकून घेतील, शाबास म्हणतील, आणि सोमवारी तिच्या कानात काहीतरी अडकवतील. ती डोळे मिटेल, यंत्र तिच्या श्वासाचं अडखळणं मोजेल, वर्षभरात धाकटीला कानही फुटतील. मग थोरलीजवळ उरलं काय? आणि भागीदारी बहुधा पुढे ढकलतील, आधी ही साडेतीनशेची भानगड निस्तरू म्हणतील. उलट आठवडाभर गप्प राहिलं, आधी खुर्चीत बसलं, तर आतून सगळं नीट करता येईल. पार्टनरने घातलेला हात आणि सीनियरने घातलेला हात यांत फरक असतो. शिवाय एका मजल्याने काय बिघडतं?

हिशेब चोख होता. हुशार माणसांचे असले हिशेब नेहमी चोखच असतात.

"सही झाली की लगेच सांगते," ती म्हणाली. "पुढच्याच आठवड्यात."

उन्मेषने तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग कागद गोळा करून आतल्या खोलीत नेऊन ठेवले. बँकेच्या कागदावर तिने सही केली नाही. केली नाही म्हणजे सोमवारी केली. बँकेला थांबवलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं.

भागीदारीचा करार तिने चष्मा लावून वाचला. आता तिचे डोळे पुन्हा जागे झाले होते, किंवा तसं तिला वाटलं. चार कलमांवर ती थबकली, मागे आली, पेन्सिलीने खूण केली. निवृत्तीचं वय, नफ्यातला वाटा, वादाची जागा, बाहेर पडल्यावर दुसरीकडे काम न करण्याची अट. सबनीसांनी चारही बदल घासाघीस न करता मान्य केले. या माणसाने कधी कोणाला काही इतक्या सहज दिलेलं तिने पाहिलं नव्हतं. तरी तिला वाटलं ते एवढंच, की आपली जरब वाढली. शेवटी नेहमीसारखं परिशिष्ट होतं, बारीक अक्षरांतलं. त्यावरून तिची नजर सवयीने खाली उतरली आणि सहीच्या जागेवर जाऊन टेकली.

नव्या केबिनमधून बदामाचं झाड दिसत होतं. पहिल्या दिवशी तिने त्याचा फोटो काढून ग्रेसला पाठवला. ग्रेसने उत्तरात 'छान'चा अंगठा टाकला आणि त्यानंतर पेरूचा फोटो पाठवला नाही.

पुढचा आठवडा आला. सबनीस परगावी होते. त्याच्या पुढचा आठवडा अभिनंदनांत गेला. मधल्या काळात ती सवड मिळेल तशी जुनी परिशिष्टं उन्मेषकडून वाचून घेई, आणि त्यांतल्या आणखी तीन जमिनींची फेरी पुरी झाली नव्हती. दर वेळी तो विचारी, सांगितलंस? ती म्हणे, एकदमच सगळं सांगते, एक एक कशाला.

चौथ्या रविवारी घरात कोळंबीचं भानोलं झालं होतं. दोघं तुडुंब जेवली. शर्मिष्ठा सोफ्यावर आडवी झाली आणि डोळे मिटून म्हणाली, आज काही नको, आज सुट्टी. उन्मेषला चेष्टेची लहर आली. बाईसाहेबांच्या स्वतःच्या चतुःसीमा तरी ऐकू, असं म्हणून त्याने टीपॉयवरचा तिचा भागीदारीचा करार उचलला आणि सरळ शेवटच्या पानापासून सुरुवात केली. त्याचा तो निवेदकाचा आवाज.

"परिशिष्ट. सदर भागीदाराने या करारापूर्वी, कंपनीतर्फे दिलेल्या सर्टिफिकेटांमधील मिळकतींच्या चतुःसीमा दुसऱ्या व्यक्तीकडून मोठ्याने वाचून घेऊन, स्वतः ऐकून, खात्री केली आहे. त्यांत आढळलेली उणीव तिने करारापूर्वी कळवली नसल्यास, त्या उणिवेची सर्व जबाबदारी व्यक्तिशः तिचीच राहील."

वाचता वाचता त्याचा आवाज उतरत गेला आणि शेवटच्या शब्दाला तो नुसता उन्मेषचा राहिला.

शर्मिष्ठा हलली नाही. मिटल्या डोळ्यांनी ती चालत होती. पूर्वेला सबनीसांचं हसू: तू एक गोष्ट पोटात ठेवशील. पश्चिमेला ते चार बदल, घासाघीस न करता. दक्षिणेला हे परिशिष्ट, बरोबर तिथे, जिथे तिचे डोळे कधी थांबत नाहीत. उत्तरेला तिचंच वाक्य: सही झाली की लगेच सांगते. या वेळी फेरी पुरी झाली. कुठे फट नव्हती.

म्हणजे त्यांना माहीत होतं. धाकटीचा आंधळा कोपरा त्यांना आधीच सापडला होता, आणि साडेतीनशे सर्टिफिकेटं परत घेण्यापेक्षा त्यांना स्वस्त पडलं ते एक माणूस शोधणं, जो तो कोपरा स्वतः हुडकेल आणि गप्प बसेल. त्यांनी वीस वर्षं पुढे जाऊन, हजारो वेळा, शर्मिष्ठा गप्प बसताना पाहिली होती.

"हे लिहिलं कोणी?" तिने विचारलं.

उन्मेषने पान उलटलं. मसुदा करणाऱ्याची आद्याक्षरं कंपनीच्या रिवाजाप्रमाणे कोपऱ्यात होती. "श. त.," तो म्हणाला. मग तिच्याकडे बघून, अजून नीट न उमगून, "तूच?"

"धाकटी."

शर्मिष्ठा उठली, बॅगेतून वसईच्या फाइलचा कागद काढला आणि बांधकामावरच्या इंजिनियरचा नंबर लावला. मधल्या इमारतीच्या पाचव्या मजल्याचा स्लॅब उद्या ओतायचा होता. थांबवा म्हटलं तर तो कारण विचारणार. कारण सांगितलं की तारीख विचारणार. तुम्हाला हे कधी कळलं, मॅडम? आणि त्या प्रश्नाच्या उत्तराबरोबर सनद जाणार, झाड जाणार, सोळा वर्षं जाणार. गप्प बसलं तर निदान आज काही जाणार नव्हतं. धाकटीने नेमकं इथेच, या फोनपाशी, काय केलं असेल हे तिला ठाऊक होतं. ठाऊक असणं म्हणजे ते न करणं, असं तिला क्षणभर वाटलंही.

पलीकडे रिंग वाजत होती. एक, दोन. तिसऱ्या रिंगला कोणीतरी उचलला, मागे काँक्रीट मिक्सरची घरघर ऐकू आली, कोणीतरी हॅलो म्हणालं. शर्मिष्ठाने फोन कापला.

"रविवारी कोण ऐकून घेणार," ती म्हणाली. "उद्या ऑफिसात आधी सबनीसांशी नीट बोलते आणि मग फोन करते. उद्या नाही जमलं तर फार फार तर पुढच्या आठवड्यात."

उन्मेषने कराराची पानं क्रमाने लावली, कडा जुळवल्या आणि टीपॉयवर ठेवली. मग तो तिच्याकडे पाहू लागला, अर्धी ट्रीटमेंट ठेवून खुर्चीतून उठणाऱ्या पेशंटकडे पाहावं तसा: प्रेमाने, आणि हातात पेन न घेता.